पत्रकातला रिकामा रकाना : नॅनो पदार्थ आणि खुली माहिती

पावसाळ्याआधी आमच्या आरोग्य बैठकीला एक ताई रिकामी पिशवी घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर रंगकाम करतात. पिशवीतली पांढरी पावडर पाण्यात कालवायची, भिंतीला लावायची, वाळली की घासकागदाने घासायची, असे ते काम. ताई म्हणाल्या, "घासताना सगळा धुराळा नाकातोंडात जातो. रात्रभर खोकतात. यात काय आहे ते कुणी वाचून सांगा."

पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'नॅनो' एवढेच लिहिलेले होते. बाकीचा मजकूर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. वाचून दाखवला, पण त्यातून उत्तर मिळेना. मग आमच्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी दुकानदाराकडे त्या मालाचे सुरक्षा माहिती पत्रक मागितले. तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर ते मिळाले. अशा पत्रकाचे सोळा भाग असतात. अकराव्या भागात हा माल शरीराला काय करतो ते लिहायचे असते. तिथे बहुतेक ओळींसमोर एकच वाक्य होते : 'माहिती उपलब्ध नाही.'

ताईंनी विचारले, "म्हणजे धोका नाही ना?"

याच प्रश्नावर आपण या वेळी अभ्यास करू. 'माहिती नाही' आणि 'धोका नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा रिकामा रकाना जगात कुठे, कसा भरला जातो आणि भरलेली माहिती सगळ्यांसाठी खुली असणे आपल्या आरोग्याशी कसे जोडलेले आहे, ते पाहू.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याचा एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. ज्या कणाची एखादी तरी बाजू १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्याला सर्वसाधारणपणे नॅनो पदार्थ म्हणतात.

लहान झाल्याने काय फरक पडतो? खडीसाखर आणि पिठीसाखर आठवा. साखर तीच, पण खडीसाखर पाण्यात सावकाश विरघळते आणि पिठीसाखर टाकताच विरघळते. कारण बारीक केल्यावर तिचा जास्त भाग पाण्याला भिडतो. एक सेंटिमीटरच्या चौकोनी ठोकळ्याच्या सहाही बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर होतात. त्याच ठोकळ्याचे १०० नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्या तुकड्यांच्या बाजू मिळून ६० चौरस मीटर होतात. म्हणजे दहा बाय बाराच्या पाच खोल्यांच्या जमिनीहून जास्त! पदार्थ तेवढाच, पण हवेला, पाण्याला, शरीराला भिडणारी जागा लाखपट.

यामुळेच नॅनो पदार्थ उपयोगी पडतात. थोडक्या मालात जास्त काम होते. आणि यामुळेच त्यांची वेगळी तपासणी लागते. मोठ्या कणांच्या रूपात जो पदार्थ निरुपद्रवी ठरला, तो बारीक रूपातही तसाच वागेल असे धरून चालता येत नाही. शिवाय हे कण श्वासावाटे फुप्फुसाच्या अगदी आतल्या टोकापर्यंत पोहोचू शकतात.

उशिरा कळलेल्या माहितीची किंमत

आपल्या वस्त्यांत सिमेंटचे पत्रे घरोघरी आहेत. त्यांतल्या अनेकांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. ब्रिटनमध्ये कारखाने तपासणाऱ्या लुसी डीन या महिला अधिकाऱ्याने १८९८ सालीच या धुळीच्या दुष्परिणामांची नोंद केली होती. त्याच ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. मधल्या शंभर वर्षांत किती कामगारांची फुप्फुसे निकामी झाली, किती जणांना कॅन्सर झाला! त्यांचे कपडे धुणाऱ्या घरच्या बायकांनाही हा आजार झाला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होतो. तरी आपल्या देशात तो आयात होतो आणि त्याचे पत्रे बनतात.

आता दुसरे उदाहरण पाहा. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांना कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. वजनाला हलक्या, ताकदीला जबर. बॅटऱ्या आणि विशेष प्रकारचे प्लॅस्टिक यांत त्या वापरतात. २००८ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या पोटाच्या पोकळीत वेगवेगळ्या नळ्या सोडल्या, तेव्हा लांब आणि ताठ नळ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉससारखीच सूज आणि इजा केली. आखूड आणि गुंतवळ झालेल्या नळ्यांनी तसे केले नाही.

हा निष्कर्ष जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचला आणि पुढे तपासला. २०१३ साली अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, शिफारस केली की आठ तासांच्या पाळीत हवेत या नळ्यांचे प्रमाण सरासरी एका घनमीटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हे प्रमाण किती कमी आहे पाहा : दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीभर हवेत मिठाच्या एका दाण्याहूनही कमी. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अशा नळ्यांचा एक विशिष्ट प्रकार 'माणसात कॅन्सर करण्याची शक्यता असलेला' या गटात टाकला.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत धोक्याच्या नोंदीपासून बंदीपर्यंत शंभर वर्षे गेली. इथे २००८ च्या त्या प्रयोगापासून कामाच्या जागेची मर्यादा सुचवेपर्यंत पाच वर्षे लागली. शास्त्र पुढे गेले होते हे खरेच. पण प्रयोगाचे निष्कर्ष सर्वांना तपासता येतील असे समोर होते, हेही तेवढेच महत्त्वाचे.

माहिती कुलपात असली की

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये कारखान्यातून विषारी वायू गळला. हजारो माणसे गेली. त्या रात्री दवाखान्यांत आलेल्या लोकांवर नेमके कोणते उपचार करायचे, हे डॉक्टरांना कळत नव्हते, कारण वायूच्या परिणामांची पुरेशी माहिती त्यांच्या हाती नव्हती. कारखान्याभोवतीच्या वस्त्या गरिबांच्या होत्या. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.

या दुर्घटनेनंतर १९८७ साली आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती मागण्याचा कामगाराचा हक्कही कायद्यात आला. पण ठेकेदाराकडे रोजंदारीवर जाणाऱ्या रंगाऱ्यापर्यंत, बिगाऱ्यापर्यंत असा हक्क क्वचितच पोहोचतो.

उद्योजक म्हणतात, "आमची कृती गुप्त आहे, ती उघड केली तर दुसरा माल बनवेल." कृती गुप्त ठेवायची तर ठेवावी. पण त्या मालाच्या धुळीने प्राण्याच्या फुप्फुसाला काय झाले, माशाला काय झाले, हे व्यापाराचे गुपित असू शकत नाही.

खुली माहिती म्हणजे नेमके काय?

नॅनो पदार्थांची माहिती खुली करणे म्हणजे नुसता एक आकडा जाहीर करणे नव्हे. वर पाहिले की एकाच नावाच्या नळ्या लांब असल्या तर घातक आणि गुंतवळ असल्या तर तशा नाहीत. मग 'कार्बनच्या नळ्या तपासल्या' एवढ्या नोंदीचा उपयोग काय? कणाचा आकार, लांबी, त्यावरचा लेप, किती मात्रा दिली, कोणत्या पेशीवर किंवा प्राण्यावर, किती दिवस, कोणत्या पद्धतीने, हे सगळे सोबत लागते. स्वयंपाकाचेही तसेच आहे. 'तांदूळ शिजवला' एवढ्याने भात मऊ झाला की मोकळा ते कळत नाही. तांदूळ कोणता आणि पाणी किती, तेही सांगावे लागते.

जगात यासाठी काम झाले आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिने २००६ साली नॅनो पदार्थांसाठी कार्यगट नेमला. सदस्य देशांनी तपासण्या वाटून घेतल्या आणि २०१५ साली अकरा नॅनो पदार्थांच्या माहितीच्या जाड फायली सर्वांसाठी प्रसिद्ध झाल्या. युरोपात २०१४ ते २०१७ या काळात 'ई-नॅनोमॅपर' नावाचा प्रकल्प चालला. त्याने वेगवेगळ्या प्रयोगशाळांची माहिती एका साच्यात बसवली आणि सर्वांसाठी समान शब्दसंग्रह तयार केला, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहता येईल. २०१६ साली शास्त्रज्ञांनी माहितीसाठी चार कसोट्या मांडल्या : ती शोधता यावी, मिळवता यावी, दुसऱ्या माहितीशी जोडता यावी आणि पुन्हा वापरता यावी.

याचे फायदे सरळ आहेत. एका देशात झालेली तपासणी दुसऱ्या देशाला पुन्हा करावी लागत नाही. पैसा वाचतो, प्रयोगातल्या प्राण्यांचे जीव वाचतात. आधीच्या नोंदींवरून संगणक नव्या कणाबद्दल अंदाज बांधू शकतो, म्हणजे घातक ठरण्याची शक्यता असलेला पदार्थ बाजारात येण्याआधीच बाजूला ठेवता येतो. ज्या देशाकडे महागड्या प्रयोगशाळा कमी आहेत, त्यालाही ही माहिती वापरता येते.

फ्रान्सने आणखी एक पाऊल टाकले. २०१३ पासून तिथे वर्षाला १०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त नॅनो पदार्थ बनवणाऱ्याने, आयात करणाऱ्याने किंवा वितरित करणाऱ्याने सरकारकडे नोंद करावी लागते. त्याच वर्षापासून युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटकाच्या नावापुढे कंसात 'नॅनो' असे लिहिणे सक्तीचे झाले.

एकाच माहितीवर दोन मते

टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, उन्हापासून बचावाच्या क्रीममध्ये आणि गोळ्या-चॉकलेटच्या पांढऱ्या थरात तो वापरतात. खाण्यात वापरतात त्या रंगात काही कण नॅनो आकाराचे असतात.

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१६ साली याबद्दल चिंता व्यक्त केली नव्हती, पण माहितीत पोकळ्या आहेत आणि नवे अभ्यास हवेत, असे सांगितले होते. २०१७ साली फ्रान्समध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्सने १ जानेवारी २०२० पासून खाण्यात हा रंग थांबवला. मे २०२१ मध्ये युरोपच्या त्याच संस्थेने नवी माहिती तपासून सांगितले की पेशींतल्या जनुकीय द्रव्याला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून खाण्यात हा रंग सुरक्षित मानता येणार नाही. २०२२ साली युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली. उलट २०२३ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने आपले जुने मत कायम ठेवले आणि खाण्यातल्या वापरावर नवी मर्यादा घातली नाही.

मग खरे कोणाचे? आपण इथे गोंधळून जाण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंनी आपली कारणे लिहून प्रसिद्ध केली आहेत. कोणता अभ्यास धरला, कोणता सोडला, का सोडला, हे कुणालाही वाचता येते. खुल्या माहितीमुळे वाद लगेच मिटत नाही, पण 'आम्ही सांगतो म्हणून' असे म्हणून कुणाला सुटता येत नाही.

पृथ्वीचा आणि वस्तीचा संबंध

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. स्वच्छ पाणी, सुरक्षित काम आणि रसायनांचा जबाबदारीने वापर ही त्यांतलीच. या तिन्ही ठिकाणी नॅनो पदार्थ येतात.

पाण्याचे पाहा. बंगालसारख्या भागात विहिरी-बोअरच्या पाण्यात विषारी आर्सेनिक असते. आयआयटी मद्रासमधले शास्त्रज्ञ थलप्पिल प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या नॅनो रचनेचा पदार्थ वापरून आर्सेनिक काढणारी गाळणी तयार केली. हे गरिबांच्या उपयोगाचे काम आहे. अशा गाळणीतून पाण्यात दुसरे काही उतरते का आणि वापरून झालेला पदार्थ कुठे टाकायचा, या प्रश्नांची उत्तरे खुली असली की लोक विश्वासाने ती वापरतात.

दुसरे उदाहरण चांदीचे. वास येऊ नये म्हणून काही मोज्यांत चांदीचे नॅनो कण घालतात. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले की काही मोज्यांतली चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरते. हे पाणी गटारात जाते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जंतूंना चांदी मारते, म्हणून काळजी वाटली. पुढच्या अभ्यासांत आढळले की सांडपाण्यात यातली बरीच चांदी गंधकाशी जोडली जाते आणि तिचा विषारीपणा कमी होतो. म्हणजे खुल्या माहितीने आधी सावध केले आणि नंतर भीती कमीही केली.

नव्या वस्तू बनवण्यात, वापरण्यात आणि शेवटी फेकण्यात कामगारांचे हात असतात. पावडर पोत्यातून ओतणारा, भिंत घासणारा, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा, भंगार फोडणारा, कचरा वेचणारी. यांतले बरेच हात आपल्या घरांतले आहेत. सौर ऊर्जा आली, बॅटरीची गाडी आली, पण ती बनवताना आणि मोडताना आपली फुप्फुसे गेली, तर त्या विकासाला शाश्वत कसे म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नॅनो पदार्थांपासून कामगारांच्या संरक्षणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा गाभा असा की धोका पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबू नका, आधी धूळ कमी करा.

भारत सरकारने २००७ साली 'नॅनो मिशन' सुरू केले. शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीसाठी २०२० साली मार्गदर्शक सूचनाही आल्या. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेत नॅनो कणांच्या परिणामांवर काम होते. हे सारे चांगले आहे. पण माहिती इंग्रजीत, संगणकात आणि शास्त्रज्ञांच्या भाषेत राहिली तर रंगाऱ्याच्या दृष्टीने ती कुलपातच आहे. पिशवीवर मराठीत चार ओळी हव्यात : आत काय आहे, धूळ नाकात गेली तर काय होते, काय वापरावे, त्रास झाल्यास काय करावे.

आपण काय करायचे?

घाबरून सगळे टाकून देऊ नका. वाळलेल्या रंगाच्या भिंतीतले कण रंगात पक्के बसलेले असतात. धडधाकट त्वचेवर लावलेल्या क्रीममधले जस्ताचे किंवा टायटॅनियमचे कण बहुतांशी वरच राहतात, असे अभ्यासांत दिसले आहे. मुख्य धोका उडणाऱ्या पावडरीचा, कोरड्या धुळीचा आणि फवाऱ्याचा आहे.

१. भिंत किंवा लांबी घासताना पाणी मारून ओली घासा. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

२. रुमाल किंवा ओढणी बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा. कडेने हवा शिरत असेल तर त्याचा उपयोग नाही.

३. कोरडा झाडू मारू नका. पाणी शिंपडून किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

४. सिमेंटचे पत्रे कोरडे कापू, फोडू किंवा घासू नका. काम करावेच लागले तर आधी भिजवा. तुकडे चुरू नका.

५. कामाचे कपडे घरात झटकू नका. वेगळे भिजवून धुवा.

६. ठेकेदाराकडे किंवा दुकानदाराकडे सुरक्षा माहिती पत्रक मागा. त्यात भाग २ धोक्याचा, ४ प्रथमोपचाराचा, ८ संरक्षणाच्या साधनांचा आणि ११ शरीरावरच्या परिणामांचा असतो. एकट्याने मागण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून मागा.

७. खोकला, दम किंवा छातीत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना आपले काम सांगा. पिशवीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा.

ताईंना काय सांगितले

त्या ताईंच्या मिस्टरांचा खोकला नॅनो कणांमुळेच आहे, असे आम्ही म्हणालो नाही. तसे म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही, आणि लांबीची साधी धूळही छातीला वाईटच. पण रकाना रिकामा आहे म्हणून धोका नाही, असेही आम्ही म्हणालो नाही. त्यांना सरकारी दवाखान्याच्या छातीरोग विभागात पाठवले. आता ते ओले घासतात आणि मास्क लावतात. खोकला बराच कमी आहे, तपासणी चालू आहे.

दुकानदाराला आम्ही पत्र दिले आहे. अकराव्या भागातली माहिती भरून द्या आणि मराठीत द्या, एवढेच त्यात मागितले आहे. अजून उत्तर आलेले नाही. पुढच्या महिन्यात दुसरे पत्र देऊ. त्यावर सह्या करायला या.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. 'माहिती उपलब्ध नाही' आणि 'धोका नाही' यांत काय फरक आहे? आपल्या कामातले उदाहरण द्या.

२. कार्बनच्या लांब नळ्या आणि गुंतवळ झालेल्या नळ्या यांच्या उदाहरणावरून नोंद सविस्तर का हवी, ते सांगा.

३. आपल्या घरात, कामावर कोणत्या पावडरी आणि फवारे येतात? प्रत्येकाच्या वेष्टनावर मराठीत काय लिहिले आहे, ते वाचून यादी करा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.